दिवाणखान्यातला सूक्ष्मदर्शक आणि गुणवत्तेचे ठेकेदार

आरक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते. ‘बाकी कुठेही द्या हो, पण निदान विज्ञानात तरी गुणवत्ता शिल्लक राहू द्या!’ हे वाक्य आम्ही बाररूममध्ये ऐकतो, रेल्वेच्या डब्यात ऐकतो, दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत तर रोजच ऐकतो. बोलणाऱ्याने प्रयोगशाळा पाहिलेली असते ती बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेपुरती. तरीही विज्ञानाची किल्ली आपल्याच कनवटीला आहे, अशा थाटात तो बोलत असतो.

म्हणून आज आम्ही वाचकांना एका प्रयोगशाळेत घेऊन जाणार आहोत. ही प्रयोगशाळा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, ला होया या गावी, एका घराच्या दिवाणखान्यात होती. साल २००५. तिथे काम करणारे दोघेही भौतिकशास्त्राचे डॉक्टर. पण त्यावेळी दोघेही कोणत्या विद्यापीठाच्या वा सरकारी संशोधन संस्थेच्या पटावर नव्हते. त्यातला एक तर चक्क बेकार होता. याच बेकार माणसाला पुढे २०१४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आधी विषय समजून घेऊ. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. डोक्यावरचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. जिवाणू हजार-दोन हजार नॅनोमीटरचा, अनेक विषाणू शंभराच्या आसपास, आणि पेशीच्या आत सगळी कामे करणारी प्रथिने तर अवघ्या काही नॅनोमीटरची. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश मात्र लाटेसारखा, आणि त्या लाटेची लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्यामुळे भिंग कितीही उत्तम घासले तरी बारीक ठिपक्याची प्रतिमा बारीक येत नाही, पसरट डाग येतो. दोन ठिपके २०० नॅनोमीटरहून जवळ असले की त्यांचे डाग एकमेकांत मिसळतात आणि दोन वस्तू आहेत हेच कळेनासे होते. १८७३ साली जर्मनीतील येना येथील अर्न्स्ट ॲबे या शास्त्रज्ञाने ही मर्यादा सूत्रात मांडली. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला, त्याला याहून कितीतरी बारीक दिसते; पण त्यात पेशी निर्वात पोकळीत ठेवावी लागते, म्हणजे ती जिवंत राहत नाही. जिवंत पेशी आतून पाहायची तर साधा प्रकाशच हवा, आणि प्रकाशापुढे ॲबेची भिंत उभी. येना येथे ॲबेच्या स्मारकावर हे सूत्र दगडात कोरलेले आहे. शंभराहून अधिक वर्षे शास्त्रज्ञांनी ते निसर्गाचा अंतिम शब्द म्हणूनच मानले.

या ॲबेविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्या वाचकांना हा माणूस जवळचा वाटेल. हा सूतगिरणीतल्या कामगाराचा मुलगा. १९०१ सालच्या एका भाषणात त्याने आपल्या लहानपणाची हकीकत सांगितली आहे. बाप रोज चौदा, पंधरा, कधी सोळा तास यंत्रापुढे उभा. पाच ते नऊ वर्षांचा ॲबे आणि त्याची धाकटी बहीण आळीपाळीने बापाला दुपारचे जेवण पोहोचवायची. बाप यंत्राला टेकून किंवा एखाद्या खोक्यावर बसून घाईघाईने भांड्यातच जेवायचा, रिकामे भांडे मुलाच्या हातात द्यायचा आणि लगेच पुन्हा कामाला लागायचा. अंगापिंडाने दांडगा असलेला तो बाप अठ्ठेचाळिसाव्या वर्षी म्हातारा दिसू लागला होता. मुलाच्या शिक्षणाला गिरणीच्या मालकाने मदत केली म्हणून तो शिकला.

पुढे हाच ॲबे कार्ल झाइस या भिंगाच्या कारखान्याचा भागीदार झाला. १८८९ साली त्याने कार्ल झाइस न्यास स्थापन केला आणि स्वतःची मालकी त्या न्यासाकडे सोपवली. न्यासाच्या १८९६ च्या घटनेत त्याने लिहून ठेवले, की नेमणुका करताना माणसाचा वंश, धर्मपंथ आणि राजकीय पक्ष पाहायचा नाही. १९०० साली त्याने कारखान्यात आठ तासांचा दिवस आणला आणि मोजून दाखवले, की त्यामुळे उत्पादन घटत नाही, उलट किंचित वाढते. आपल्या देशात कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारे दुरुस्ती विधेयक १९४६ साली मांडले गेले तेव्हा मजूरमंत्री कोण होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. प्रकाशाची मर्यादा सांगणारा शास्त्रज्ञ आणि कामगाराच्या तासांची मर्यादा ठरवणारा मालक एकच होता, ही गोष्ट विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात मात्र येत नाही.

असो. आता भिंतीकडे वळू.

तिला पहिले खिंडार पाडले ते स्टेफान हेल याने. हा रुमानियातल्या जर्मन भाषक अल्पसंख्याक समाजात, आराद या शहरात १९६२ साली जन्मला. १९७८ साली आईवडिलांबरोबर जर्मनीत आला. १९९० साली हायडेलबर्गला डॉक्टरेट झाल्यावर याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, ॲबेची मर्यादा ओलांडायची. जर्मनीत कोणी बस्तान बसू देईना, म्हणून १९९३ साली तो फिनलंडमधील तुर्कू येथे गेला. तिथल्या राहत्या खोलीत क्वांटम प्रकाशशास्त्राचे पुस्तक चाळताना त्याला कल्पना सुचली. चमकणारे रेणू एका लेसरने पेटवता येतात, तसेच दुसऱ्या लेसरने विझवताही येतात. मग पहिल्या लेसरने एक ठिपका उजळायचा आणि त्याच क्षणी दुसरा लेसर मेदूवड्याच्या आकारात, म्हणजे मध्ये भोक ठेवून, त्यावर टाकायचा. कडेचे सगळे विझते, मधला बारीक बिंदू तेवढा चमकत राहतो. असा बिंदू पुढे सरकवत चित्र रेखाटायचे. १९९४ साली त्याने हे कागदावर मांडले, आणि जर्मनीत गॉटिंगेनला परतल्यावर २००० साली करून दाखवले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ॲबेचा नियम खोटा ठरला नाही. आम्ही वकील मंडळी जुना निवाडा ‘डिस्टिंग्विश’ करतो, तसला हा प्रकार. निवाडा रद्द होत नाही. तो ज्या गृहीतावर उभा आहे ते गृहीत या प्रकरणात नाही, एवढेच दाखवून द्यायचे असते. नमुन्यातले सगळे रेणू एकाच वेळी चमकतात, हे गृहीत कोणी तपासलेच नव्हते. ते बाजूला काढले आणि भिंतीत दार निघाले.

आता त्या दिवाणखान्याकडे. एरिक बेट्झिग हा प्रख्यात बेल प्रयोगशाळेतला संशोधक. वर्ष १९९४ च्या सुमारास आपल्या क्षेत्रात चाललेल्या कामाला कंटाळून त्याने नोकरी सोडली. काही काळ घरी बसून मूल सांभाळले. १९९५ साली एक छोटा लेख लिहिला, त्यात पुढच्या शोधाचे बीज होते. पण ते रुजवायला लागणारे साधन तेव्हा नव्हते. मग हा गडी मिशिगनमध्ये वडिलांच्या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत गेला. तिथे काही वर्षे खपून त्याने एक नवे यंत्र तयार केले. ती यंत्रे विकली गेली फक्त दोन! २००२ च्या सुमारास तेही सोडले. पुन्हा बेकार. बेल प्रयोगशाळेतला जुना मित्र हॅरल्ड हेस याच्याबरोबर राष्ट्रीय उद्यानांत भटकत, आता पुढे काय करावे याची चर्चा करत त्याचे दिवस गेले.

२००५ साली या दोघांच्या कानावर आले, की जांभळा प्रकाश टाकला की मगच चमकू लागते असे एक प्रथिन तयार झाले आहे. जॉर्ज पॅटरसन आणि जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांनी ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २००२ साली बनवले होते. दहा वर्षांपूर्वी न मिळालेले साधन ते हेच, हे बेट्झिगने ओळखले. दोघांनी प्रत्येकी २५ हजार डॉलर घातले, जुनी साठवलेली उपकरणे बाहेर काढली आणि हेसच्या दिवाणखान्यात सूक्ष्मदर्शक जोडला.

त्याची युक्ती आपल्या अनुभवातली आहे. ६ डिसेंबरच्या रात्री शिवाजी पार्कवर हजारो मेणबत्त्या पेटल्या आहेत आणि आपण दूरच्या उंच इमारतीवरून पाहतो आहोत अशी कल्पना करा. सगळ्या एकदम पेटल्या तर एकच उजेडाचा लोळ दिसेल. कोण कुठे उभा आहे ते कळणार नाही. पण एका वेळी विखुरलेल्या दहाच मेणबत्त्या लावल्या, तर प्रत्येकीचा डाग वेगळा दिसेल आणि त्या डागाचा मध्य अचूक काढता येईल. त्या विझवा, दुसऱ्या दहा लावा, त्यांचीही जागा टिपा. हजारो वेळा असे करून सगळ्या टिपणांचा एक नकाशा केला, की प्रत्येक माणसाची जागा हाती येते. बेट्झिग आणि हेस यांनी रेणूंच्या बाबतीत हेच केले. २००६ साली त्यांचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१४ चे नोबेल बेट्झिग, हेल आणि १९८९ साली एकट्या रेणूची चाहूल प्रथम टिपणारे विल्यम मोर्नर यांना विभागून मिळाले. ज्याच्या दिवाणखान्यात हे सगळे घडले तो हेस त्या यादीत नाही.

इथपर्यंतची कथा वृत्तपत्रांनी मोठ्या कौतुकाने छापली. बेकार माणूस, जिद्द, ध्येय वगैरे. आम्हाला बेट्झिगची गुणवत्ता मुळीच नाकारायची नाही. पण आम्ही दुसराच प्रश्न विचारतो. दहा-अकरा वर्षे हा माणूस जगला कशावर? नोकरी सोडता आली, कारण बापाची कंपनी होती. त्या कंपनीत यंत्र फसले तरी कोणी हाकलून दिले नाही. मित्राकडे दिवाणखाना होता, दोघांकडे मिळून ५० हजार डॉलर होते. म्हणजे या माणसाला चुकण्यासाठी, रिकामे बसण्यासाठी आणि विचार करण्यासाठी वर्षे मिळाली. ही वर्षे कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाहीत.

ती ज्याला मिळत नाहीत त्याचे काय होते? उत्तर याच क्षेत्रात आहे. ज्या चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनामुळे जिवंत पेशीतले हे सगळे निरीक्षण शक्य झाले, ते मूळचे एका जेलीफिशमधले. त्याचा जनुक वेगळा काढून त्याची मांडणी वाचणारा माणूस म्हणजे डग्लस प्रॅशर. अमेरिकेतील वुड्स होल येथे काम करताना १९९२ साली त्याने हे काम प्रसिद्ध केले. पण अनुदान संपले. राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्याचा अर्ज नाकारला होता. संशोधन सोडण्याआधी त्याने तो जनुक मागणाऱ्या दोन शास्त्रज्ञांना पाठवून दिला, मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना. पुढे इतर नोकऱ्या झाल्या, त्याही गेल्या. २००८ साली चॅल्फी आणि त्सिएन यांना ओसामू शिमोमुरा यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा प्रॅशर अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथे मोटारी विकणाऱ्या एका कंपनीत ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होता. चॅल्फी आणि त्सिएन माणसे चांगली. त्यांनी त्याचे ऋण जाहीरपणे मानले, त्याला पत्नीसह स्वखर्चाने स्टॉकहोमला नेले, आणि पुढे २०१२ साली त्सिएन यांनी त्याला आपल्या प्रयोगशाळेत काम दिले. पण मधली वर्षे गेली ती गेलीच.

एका बेकाराला दिवाणखाना मिळाला, दुसऱ्याच्या हाती गाडीचे चाक आले. प्रॅशरची गुणवत्ता कमी होती काय? तसे असते तर त्याच्याकडून जनुक मागून घेणाऱ्यांना नोबेल कसे मिळाले? आणि हा प्रॅशर गोरा अमेरिकन. त्याच्यामागे अस्पृश्यतेचा इतिहास नाही, वसतिगृहात टोमणे मारणारे सहाध्यायी नाहीत.

बाबासाहेबांना हे दुखणे अनुभवाने माहीत होते. १९१७ साली लंडनमध्ये अभ्यास ऐन रंगात आला असताना बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवावे लागले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून कर्ज घ्यावे लागले, तेव्हा कुठे १९२० साली ते परत जाऊ शकले. बुद्धीत खंड पडला नव्हता, पैशात पडला होता. पुढे १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढताना त्यांनी कला शाखेबरोबर विज्ञान शाखाही काढली. विज्ञानाची शाखा खर्चिक असते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

आणि आज? रोहित वेमुलाला विज्ञानलेखक व्हायचे होते, कार्ल सेगनसारखे लिहायचे होते. १७ जानेवारी २०१६ रोजी तो गेला तेव्हा त्याची सात महिन्यांची, १ लाख ७५ हजार रुपयांची अधिछात्रवृत्ती थकलेली होती; ती आपल्या घरच्यांना मिळावी असे त्याच्या अखेरच्या पत्रात आहे. महिन्याचे २५ हजार रुपये. २०२३ साली बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी पीएच.डी. करणारी आपली मुले-मुली आझाद मैदानात आंदोलनाला बसली होती. ज्या दिवसांत त्यांनी प्रयोग करायचे, ग्रंथालयात बसायचे, ते दिवस त्यांनी उन्हात सतरंजीवर काढले. मग त्यांचा प्रबंध लांबला की हेच गुणवत्तेचे ठेकेदार म्हणणार, ‘पाहा, यांना जमत नाही.’

आता कायद्याकडे येऊ, तो आमचा प्रांत आहे. आरक्षण सर्वत्र बोकाळले आहे अशी ओरड करणाऱ्यांना हे माहीत नसते, किंवा माहीत असून ते सांगत नाहीत, की संशोधनाच्या वरच्या माडीवर आरक्षणाला फार पूर्वीपासून दारातच थांबवलेले आहे. २३ जून १९७५ च्या शासकीय आदेशाने, संशोधन करणारी किंवा त्याचे मार्गदर्शन करणारी शास्त्रीय पदे ‘अ’ गटाच्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या वर असतील तर आरक्षणातून वगळता येतात. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात, ज्या निकालाने मंडल आयोगाचे आरक्षण टिकवले त्याच निकालात, काही जागांवर आरक्षण उचित नाही असे बहुमताने म्हटले, आणि त्यात संशोधन व विकास संस्थांतील तांत्रिक पदे घातली. कारण काय, तर त्या पातळीवर केवळ गुणवत्ता मोजावी लागते. पुढे २००६ चा केंद्रीय शैक्षणिक संस्था (प्रवेशांतील आरक्षण) कायदा आला. त्याने अनुसूचित जातींना १५, जमातींना ७.५ आणि इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा दिल्या. पण कलम ४ आणि शेवटचे परिशिष्ट वाचा. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या घटक संस्था, म्हणजे तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र, लेसरवर काम करणारे इंदूरचे राजा रामण्णा केंद्र वगैरे, शिवाय अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, बंगळूरचे जवाहरलाल नेहरू केंद्र. या संस्थांवर कायद्याची सक्तीच नाही! शिक्षक भरतीच्या २०१९ च्या कायद्यातही कलम ४ ने उत्कृष्ट व संशोधन संस्थांना अशीच परिशिष्टाची पळवाट ठेवली आहे.

लेसर, भिंगे, नॅनो प्रकाशशास्त्र, ज्या ठिकाणी हे काम देशाच्या पैशाने चालते त्यातल्या मोठ्या संस्थांच्या दाराशी हे परिशिष्ट टांगलेले आहे. ते ज्या गृहीतावर उभे आहे ते असे, की गुणवत्ता ही माणसाच्या कवटीत असते, आणि पैसा, वेळ, उपकरण, ओळखीचा मित्र यांच्याशी तिचा संबंध नाही. ला होयाचा दिवाणखाना आणि हंट्सव्हिलची गाडी शेजारी ठेवली तर हे गृहीत किती टिकते?

आमच्या वकील मित्रांनी जुना निवाडा न मोडता तो बाजूला कसा करायचा, याचा अभ्यास सुरू करायला हवा. पण त्याआधीही काही करता येते. दोन्ही कायद्यांची परिशिष्टे बदलायला संसदेत दुरुस्ती विधेयक लागत नाही; केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ती बदलू शकते. २०१९ चा कायदा झाल्यापासून परिशिष्टातली एखादी तरी संस्था वगळण्याचा विचार सरकारने केला काय, हा एक प्रश्न आपल्या खासदारांनी लेखी विचारावा.

आणि माहितीच्या अधिकारात अर्ज करणाऱ्या कार्यकर्त्यांना एक सूचना. ‘तुमच्या संस्थेत अनुसूचित जातीचे किती कर्मचारी आहेत,’ असे विचारू नका. उत्तर येते एकूण आकड्याचे, त्यात सफाई कामगार, माळी, शिपाई, वाहनचालक सगळे मिसळलेले असतात, आणि टक्केवारी झकास दिसते. एकदम पेटवलेल्या मेणबत्त्यांसारखे. श्रेणीनुसार वेगळे मागा. प्रत्येक वैज्ञानिक श्रेणीत किती, प्राध्यापक किती, पीएच.डी.ला प्रवेश किती, त्यातले पदवी घेऊन बाहेर पडलेले किती आणि मधेच सोडून गेलेले किती. सोडून गेलेल्यांची नावे नकोत. मात्र त्या प्रत्येकाला शेवटची अधिछात्रवृत्ती कोणत्या महिन्याची मिळाली आणि ती कोणत्या तारखेला खात्यावर जमा झाली, हे अर्जात जरूर विचारा.